थेंब इथे, गळती तिथे

पोर्शे ९४४ ही जुनी गाडी रात्रभर उभी होती. सकाळी पुढच्या चाकांच्या मधोमध फरशीवर रुपयाएवढा हिरवट डाग. बोटाला चिकट लागतो, वास गोडसर. म्हणजे एसीचं पाणी नव्हे, कूलंट आहे, इंजिन गार ठेवणारा द्रव. आता माणूस काय करतो? वाकतो, डागाच्या बरोबर वर बघतो आणि तिथे जो होज पाइप दिसेल तो बदलून टाकतो. आठवड्याने डाग पुन्हा हजर.

पावसाळ्यात घर गळताना आपण हे पाहिलेलं असतं. गच्चीवर फट असते एका कोपऱ्यात आणि पाणी टपकतं भलत्याच खोलीत, पंख्याच्या हुकातून. इंजिनातही तेच होतं. थेंब धातूला चिकटून राहू शकतो, त्यामुळे तो पाइपच्या पोटाशी धरून घरंगळतो, एखाद्या बोल्टच्या डोक्याला वळसा घालतो आणि खाली टोक सापडेल तिथे सुटतो. गाडी पळत असेल तर वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ‘कुठे गळतंय’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवून आधी ‘कधी गळतंय’ ते पाहावं. गाडीखाली पुठ्ठा अंथरायचा, डाग थंड असताना पडतो की फेरफटका मारून आल्यावर, याची चार दिवस नोंद ठेवायची. एवढ्याने निम्मं काम होतं.

गार असतानाच गळणाऱ्या गाड्या लोकांना चक्रावतात. इंजिन गार असताना आत दाब जवळपास नसतो, मग पाणी बाहेर येतंच कसं? उत्तर होजच्या तोंडाशी आहे. ॲल्युमिनियमची नळी दर अंशाला दशलक्षात सुमारे २३ भागांनी प्रसरण पावते. ४० मिलिमीटर व्यासाची नळी ८० अंशांनी तापली तर ती साधारण ०.०७ मिलिमीटर फुगते, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी. नवं रबर ही हालचाल सहज सांभाळतं. पण तीस-पस्तीस वर्षं क्लिपखाली दाबून राहिलेलं रबर कडक होतं, त्याची लवचीकता गेलेली असते. रात्री धातू आकसतो, रबर त्याच्या मागे जात नाही आणि मध्ये फट पडते. सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटांनी बघाल तर सगळं कोरडं! क्लिप आणखी आवळून हे थोडे दिवस थांबतं, पण औषध एकच, नवा होज.

गरम असतानाच्या गळतीचा स्वभाव उलटा. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते आणि ती सगळ्या यंत्रणेला साधारण १ बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतक्या, जादा दाबाखाली ठेवते. या दाबाला साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं, कूलंटमधलं ग्लायकॉल हे रसायन मिसळल्यावर त्याहून वर. (गरम गाडीचं झाकण का उघडू नये, तेही यातच आलं. दाब सुटताच आतलं पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर येतं.) गार असताना मिटलेली बारीक चीर या दाबाखाली उघडते. बाहेर पडलेलं कूलंट गरम भागावर पडलं की त्यातलं पाणी उडून जातं, फरशीवर डाग पडतच नाही. मागे राहतात ते गंजरोधक क्षार, पांढरट किंवा हिरवट खपलीच्या रूपात. खाली ओल नाही आणि तरी कूलंटच्या टाकीतली पातळी उतरते, तेव्हा या खपल्या शोधाव्यात. गाडीच्या आत गोड वास, काचेवर तेलकट धुकं, डाव्या-उजव्या पायाखालचा गालिचा ओला असेल तर मात्र बॉनेट उघडायची गरज नाही, हीटरचा छोटा रेडिएटर गेलाय.

आता ९४४ च्याच खास दुखण्यांकडे येऊ. १९८२ पासून १९९१ पर्यंत बनलेली ही चार सिलिंडरची गाडी. तिचा वॉटर पंप (कूलंट फिरवणारा पंप) टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्यावर चालतो, आणि हीच मेख आहे. अशा बहुतेक वॉटर पंपांत दांड्याच्या सीलच्या आणि बेअरिंगच्या मध्ये एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये घुसण्याऐवजी या भोकातून बाहेर यावं आणि मालकाला कळावं, एवढाच त्याचा हेतू. काही शहाणे ते भोक बुजवतात. असल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये. ९४४ मध्ये हे ठिबकणं बेल्टच्या कव्हरआड होतं, त्यामुळे उशिरा दिसतं. कूलंटने भिजलेल्या बेल्टचा भरवसा नाही, आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. पंपाचं ठिबकणं हे म्हणूनच ‘पुढच्या महिन्यात बघू’ या खात्यातलं काम नव्हे.

दुसरं दुखणं बाहेर दिसतच नाही. इंजिनाच्या बाजूला ऑइल कूलर आहे. त्यात तेलाची उष्णता कूलंट घेतं आणि दोघांच्या मध्ये फक्त रबरी सील. गाडी चालू असताना तेलाचा दाब चार-पाच बारपर्यंत जातो, कूलंटचा जेमतेम एक. सील गेलं की तेल पाण्यात घुसतं आणि टाकीत तपकिरी लोण्यासारखा गोळा जमतो. हे पाहून बरेच जण हेड गॅसकेट (सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण यांच्यामधलं सील) गेलं म्हणून हाय खातात. त्याची परीक्षा वेगळी आहे: टाकीच्या तोंडावरची हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावणातून ओढायची. सिलिंडरमधला धूर कूलंटमध्ये येत असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइड द्रावण आम्लधर्मी करतो आणि निळा रंग पिवळा पडतो. रंग बदलला नाही तर आधी ऑइल कूलरच उघडावा.

बाहेरच्या गळतीसाठी गॅरेजमध्ये हातपंप असतो. गार इंजिनात झाकणाच्या जागी तो बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघायचा. काटा उतरतोय पण ओल सापडत नाही, असं झालं की कूलंटमध्ये रंग घालायचा आणि निळ्या दिव्याने बघायचं. हा रंग बहुधा फ्लुओरेसिन. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो १८७१ मध्ये तयार केला. निळा प्रकाश शोषून तो हिरवा प्रकाश टाकतो. डोळ्यांवर पिवळा चष्मा लावला की तो निळा प्रकाश अडवतो, म्हणून अंधारात नेमकी हिरवी रेघ उठून दिसते आणि तिच्या मागे मागे वर गेलं की फट सापडते.

या रंगाची पहिली मोठी कामगिरीसुद्धा गळती शोधण्याचीच होती. डॅन्यूब नदी जर्मनीत इम्मेन्डिंगेनजवळ उन्हाळ्यात चुनखडीत गडप होते. ते पाणी जातं कुठे? भूशास्त्रज्ञ अडॉल्फ क्नोप यांनी १८७७ मध्ये तिथल्या विवरात सुमारे १० किलो फ्लुओरेसिन ओतलं. साधारण ६० तासांनी बारा किलोमीटरवरचा आख गावचा झरा हिरवागार झळकू लागला. तो झरा ऱ्हाईनला मिळतो, म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी उत्तर समुद्राकडे गळत होतं. ९४४ जिथे बनली ते नेकार्सुल्मही इम्मेन्डिंगेनसारखंच जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

आपल्याकडे ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात. घाटात अडकलात तर ठीक; पूड फुगून चिरेत बसते. पण ही पूड चीर आणि रेडिएटरची बारीक नळी यांत फरक करत नाही. सांडलेलं कूलंट मात्र लगेच पुसा. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, शरीरात त्यातल्या ग्लायकॉलचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात.

दुरुस्तीनंतर ९४४ भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूचा पितळी स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. तरी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर टाकीतली पातळी बोटभर उतरते. लगेच पुन्हा गाडीखाली शिरू नका. कुठेतरी अडकलेली हवा बाहेर आली, इतकंच.