थंडीत मुंबईची हवा का बिघडते, जरा मागची गोष्ट

आमच्याकडे चेंबूरला हवा कशी आहे ते आईला कपडे वाळत घालताना कळतं. जानेवारीत दोरीवरून आधी ओला फडका फिरवावा लागतो, तो चक्क काळा होतो, तेलकट काजळी बसलेली असते, आणि एक दिवस विसरलं की पांढऱ्या बनियनवर दोरीची रेघ उमटलीच. जुलैत तीच दोरी, तोच फडका, पण काळं काही निघत नाही. ट्रॉम्बेची टेकडी थंडीत सकाळी गायब असते, दुपारी वारा सुटला की हळूहळू बाहेर येते.

तो वारा म्हणजेच शाळेत शिकलेले खारे वारे. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो, रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे, ते मतलई वारे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा दिवसरात्र चालू असतो आणि वरून पाऊस धूळ धुऊन काढतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर हवा छान. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला की सगळं फिरतं. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा गरम, मग धूर वर चढतच नाही, झाकण ठेवल्यासारखा खालीच कोंडतो, आणि खारा वारा सुटायला दुपार होते. हे पूर्वीपासून असंच आहे, बदलत गेलं ते त्या झाकणाखाली आपण काय काय सोडतो ते.

सुरुवात गिरण्यांपासून. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, पुढे परळ-लालबाग भागात चिमण्यांची रांगच लागली, सगळं कोळशावर. धुराचा त्रास एवढा झाला की १९१२ मध्ये ब्रिटिश सरकारला मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे, कालपरवाची नाही.

मग स्वातंत्र्यानंतर मोठे कारखाने पूर्वेला आले, आमच्या बाजूला. माहुल-ट्रॉम्बेत १९५४-५५ मध्ये दोन रिफायनऱ्या, १९५६ ला औष्णिक वीज केंद्र, १९६५ ला खत कारखाना, शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड तर १९२७ पासूनच. आता बघा, वारा पश्चिमेचा असेल तेव्हा हा धूर खाडीकडे जातो, दक्षिण मुंबईला पत्ताही लागत नाही, पण थंडीत रात्री वारा फिरला की शहरावर परत येतो, आणि जवळ राहणाऱ्यांना तर कुठलाही वारा असला तरी सुटका नाही. मला वाटतं समुद्र आहे ना, तो घेईल सांभाळून, या भरवशावर हे शहर फार वर्षं राहिलं. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली, तो धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला, आम्ही कित्येक दिवस खिडक्या बंद करून घरात बसलो होतो.

मधे एक चांगली गोष्टही झाली, ती सांगायलाच हवी. १९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या रहिवाशांची याचिका हायकोर्टात होती, त्यातून व्ही. एम. लाल यांची समिती नेमली गेली आणि पुढच्या काही वर्षांत काळीपिवळी टॅक्सी डिझेलवरून सीएनजीवर आल्या. ज्यांनी तेव्हाचा सायनचा सिग्नल पाहिलाय त्यांना फरक विचारा.

पण गिरण्या गेल्या त्या जागेवर टॉवर आले, मेट्रो, पूल, रस्ते सगळं एकदम खणलं गेलं, आणि काजळीत सिमेंटची धूळ मिसळली. २०२२-२३ च्या थंडीत तर मुंबईच्या हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) काही दिवस दिल्लीच्या वर गेला. २०२० पासून सलग तीन थंड्या ला निना होता, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार होतं, त्याने वाऱ्यांची घडी बदलली आणि खारा वारा जोर धरेना असं शास्त्रज्ञ गुफरान बेग यांचं म्हणणं. मला ते पटतं, फक्त एवढंच की वारा पडल्यावर जे उघडं पडलं ते आपलंच होतं.

पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २०२३ ला, पालिकेने नियमावली काढली, ७० मीटरपेक्षा उंच बांधकामाला ३५ फुटी पत्रे, पाण्याचे फवारे, ट्रक झाकून न्यायचे वगैरे, आणि महिनाअखेरीला हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. त्याच प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. कारण बऱ्याच भट्ट्यांत भंगारातलं लाकूड जळतं, जुनी कपाटं, प्लाय, रंग लावलेल्या फळ्या, आणि पहाटे पाव भाजायची वेळ म्हणजे बरोब्बर तीच जेव्हा हवा खाली बसलेली असते. भट्टी बदलायला पैसे लागतात, छोट्या बेकरीवाल्याला ते कुठून येणार हा प्रश्न आहेच, त्याला मदत मिळायला हवी, पण त्या भट्टीपुढे रात्रभर उभा असलेला कामगार तो धूर सगळ्यात आधी घेतो.