आराम केला, पण काम सुटलं का?

ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर आडवं व्हायचं, टीव्ही लावायचा आणि जेवणापर्यंत जागचं हलायचं नाही. याला आपण आराम म्हणतो, आणि तो आरामच असतो. पण त्या दोन तासांत साहेबांचं दुपारचं बोलणं डोक्यात दहादा घोळलेलं असतं, उद्याच्या मीटिंगची धास्ती असते. शरीर घरी आलेलं असतं, मन मात्र अजून ऑफिसातच. आराम करणं आणि मन कामातून सुटणं या दोन गोष्टी आपण एकच धरतो, म्हणून ‘एवढी विश्रांती घेऊनही थकवा का जात नाही’ हे कोडं उलगडत नाही.

जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांचं बरंचसं संशोधन याच फरकाभोवती आहे. शार्लोट फ्रिट्झ यांच्यासोबत त्यांनी २००७ साली १६ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. कामाचा शीण भरून निघण्याचे चार अनुभव त्यात वेगवेगळे मोजले जातात : मन कामातून सुटणं, आराम, काही नवीन शिकल्याचं किंवा जमवल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणं. आरामाबद्दलची विधानं निवांतपणाविषयी आहेत. सुटण्याबद्दलची विधानं एवढंच पाहतात, की कामानंतर कामाचा विचार मनातून जातो का. तेव्हा माणूस बसलाय, धावतोय की भांडी घासतोय, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

या दोन्हींतलं अंतर किती असू शकतं, हे इस्रायलमधल्या १९९८ च्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसतं. डालिया एट्झिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरीतून राखीव सैन्यसेवेसाठी बोलावलेल्या पुरुषांची तुलना त्या काळात कामावरच राहिलेल्यांशी केली. सैन्यसेवा म्हणजे काही आराम नव्हे. तरीही परतलेल्यांचा कामाचा ताण आणि पार पिचून गेल्याची भावना कमी झालेली आढळली, आणि जे त्या दिवसांत नोकरीपासून मनाने जास्त दूर राहिले त्यांना फायदाही जास्त झाला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. विश्रांती म्हणजे कमीत कमी हालचाल, ही आपली पक्की समजूत तो मुळातच हलवतो.

व्यायामाचं महत्त्व इथे कळतं. चढावर सायकल मारताना किंवा बॅडमिंटन खेळताना लक्ष श्वासावर, पायांवर, समोरच्या शटलवर असतं, कामाच्या विचाराला जागाच उरत नाही. वर काहीतरी जमल्याचं समाधानही मिळतं. अर्थात कानात इअरफोन घालून ट्रेडमिलवर ऑफिसचा कॉल घेतलात, तर व्यायाम होईल, मन सुटणार नाही.

अडचण अशी, की गरज सर्वांत जास्त असते त्याच दिवशी हे जमत नाही. झोनेनटाग आणि सोन्या येल्डेन यांनी पोलिसांकडून रोजच्या नोंदी घेतल्या. ज्या दिवशी साधनं धड नाहीत, माहिती वेळेवर नाही, अशा कारणांनी काम अडत राहिलं, त्या दिवशी संध्याकाळी खेळाला कमी वेळ दिला गेला. दिवसभर स्वतःला आवरून धरण्यात जी शक्ती खर्च होते, तीच बूट घालून बाहेर पडायलाही लागते. म्हणून अशा माणसाला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. झोनेनटाग यांनी पुढे २०१८ मध्ये याला विश्रांतीचा विरोधाभासच म्हटलं : ताण जितका जास्त, तितकं त्यातून सावरणं अवघड.

कामाच्या तासांचंही असंच आहे. जर्मन कायद्यानुसार कामाच्या दोन दिवसांमध्ये साधारणपणे सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते, आणि तो नियम हवाच, कारण वेळच नसेल तर पुढचं सगळं खुंटतं. पण कायद्याने मिळतो तो वेळ. रात्री दहाला वरिष्ठांचा मेसेज येईल म्हणून फोन उशाशी ठेवणाऱ्याचे ते अकरा तास कागदावर पूर्ण भरतात, मन मात्र कामावरच असतं. तिथे त्याला व्यायामाचा सल्ला देण्याआधी तो मेसेज थांबवायला हवा, आणि ते वरिष्ठांच्या हातात आहे.