लेव्हल डिझाइनची पार्श्वभूमी: ग्राफ पेपरपासून एडिटरपर्यंत

बेळगावात दिवाळीच्या आधी गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. दगड, विटा आणि पोती रचून आधी डोंगराचा आकार काढायचा, मग चिखलाचा लेप, मग बुरूज आणि पायवाट. मावळे सगळ्यात शेवटी. दरवाजा मात्र मावळ्याच्या उंचीकडे बघूनच ठेवायचा, हे किल्ला करणाऱ्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. मावळा दारापेक्षा उंच निघाला की कितीही रंग मारा, त्या किल्ल्यात जीव येत नाही.

कॉम्प्युटर गेमची लेव्हल, म्हणजे पात्र ज्यात फिरतं तो खेळाचा एक टप्पा, बनवायचा क्रमही हाच आहे. तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नव्याने हे शिकणारी बरीच मुलं पहिले आठवडे भिंतींचे टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं) आणि उजेड लावण्यात घालवतात. आकार आणि माप आधी का, हे या कामाच्या इतिहासात नीट दिसतं.

1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये चारच वेगवेगळे पडदे होते. 1983 मध्ये डग स्मिथचा 'लोड रनर' आला. त्यात 150 लेव्हल होत्या, आणि सोबत स्वतःची लेव्हल बनवायचा एडिटरही. खेळणाऱ्याच्या हातात अवजार देण्याची चाल इतकी जुनी आहे.

1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधल्या 32 लेव्हल निन्टेंडोच्या मियामोतो आणि तेझुका यांनी ग्राफ पेपरवर चौकोन भरून आखल्या. सगळा गेम 40 किलोबाइटमध्ये बसवायचा होता, म्हणून ढगाचाच आकार हिरवा करून झुडूप केलं. चौकोनांवर आखण्याचा खरा फायदा मात्र वेगळा होता: उडी किती चौकोनांची हे ठरलं की खड्डा किती चौकोनांचा हे आपोआप ठरतं.

हा हिशेब आजही तसाच करतात. गोडो या मोफत मिळणाऱ्या इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पात्राचा तयार स्क्रिप्ट घेतला तर चालण्याचा वेग सेकंदाला 300 पिक्सेल, उडीचा वेग 400 आणि गुरुत्व 980 असतं. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व: 1,60,000 भागिले 1,960, साधारण 82 पिक्सेल. हवेतला वेळ 0.8 सेकंद, म्हणजे आडवी झेप सुमारे 245 पिक्सेल. टाइल, म्हणजे लेव्हल रचायचा एक चौकोन, 64 पिक्सेलची असेल तर एक टाइल उंच पायरी चढता येते, दोन टाइलची नाही. खड्डा तीन टाइलचा सोपा, चारचा अगदी काठावरचा. दहा लेव्हल झाल्यावर 'उडी जरा जड वाटते' म्हणून कुणी गुरुत्व बदललं की दहाही लेव्हल मोडतात. म्हणून पात्राचे आकडे आधी पक्के करून कागदावर लिहून ठेवावेत.

10 डिसेंबर 1993 ला 'डूम' आला आणि हे काम घराघरांत पोचलं. त्यातले नकाशे आणि चित्रं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या 'वॅड' फायलीत ठेवली होती, खेळणाऱ्यांना बदल करता यावेत म्हणून मुद्दामच. 1994 मध्ये ब्रेंडन वायबर आणि राफाएल किने या, डूम बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या, दोघांनी एडिटर तयार करून तो मोफत वाटला. सुरुवात करायला आम्ही आजही डूमचेच नकाशे सुचवतो. जुन्या लॅपटॉपवरही ते सहज चालतात, आणि 'फ्रीडूम' (डूमच्या जागी वापरायचा मोफत गेम) व 'अल्टिमेट डूम बिल्डर' हा एडिटर घेतला तर खर्च शून्य.

डूममधला खेळाडू 56 युनिट (गेममधलं अंतराचं माप) उंच आणि 32 रुंद असतो. तो 24 युनिटपर्यंतची पायरी आपोआप चढतो, 25 ची चढत नाही. बोळ बरोबर 32 युनिटचा ठेवला तर अडकायला होतं. निदान 64 ठेवा. जमिनीचं चित्र 64 बाय 64 चं असतं आणि ते ग्रिडला चिकटलेलं असतं, त्यामुळे खोल्यांच्या कडा 64 च्या पटीत घेतल्या तर फरशी अर्धवट कापली जात नाही.

पहिला दरवाजा बहुतेकांचा चुकतो. डूमचा नकाशा सेक्टरांचा, म्हणजे जमीन आणि छताची उंची ठरलेल्या तुकड्यांचा, बनतो; दार म्हणजे छत जमिनीपर्यंत खाली आणलेला छोटा सेक्टर. त्याच्या बाहेरच्या बाजूला वरचं टेक्स्चर द्यायचं राहिलं तर त्या जागी चित्र पुसलं न जाता मागे मागे ओढल्यासारखं दिसतं. आणि चौकटीच्या दोन्ही कडांना 'लोअर अनपेग्ड' ही चित्र जागेवर ठेवणारी खूण केली नाही तर दाराबरोबर चौकटही वर सरकताना दिसते.

मूळ डूमची एक मर्यादा होती: खोलीवर खोली बांधता येत नसे. गडाचा खंदक जमतो, कारण तो नुसता खोल सेक्टर. पण दरवाजावरचा नगारखाना नाही जमत. गोकाकचा झुलता पूल करायचा तर वरून चालायचं किंवा खालून जायचं, दोन्ही नाही.

1996 च्या 'क्वेक'ने ही अडचण सोडवली. तिथे घन ठोकळे रचून जागा बांधतात, त्यामुळे पूलही जमतो आणि नगारखानाही. त्यासोबत नवं दुखणंही आलं: गळती. दोन ठोकळ्यांत एका युनिटची फट राहिली तरी आतली जागा बाहेरच्या पोकळीला जोडली जाते. मग कुठून काय दिसतं याचा हिशेब होत नाही आणि नकाशा रखडतो. अशा वेळी एडिटर आतून फटीपर्यंत जाणारी रेघ दाखवतो. ती धरून जायचं आणि फट बुजवायची. सगळा नकाशा एका मोठ्या पेटीत कोंडून ठेवणं हा उपाय नाही. त्याने इशारा बंद होतो, रखडणं तसंच राहतं.

1998 च्या 'हाफ-लाइफ'सोबत 'वर्ल्डक्राफ्ट' एडिटर मिळू लागला आणि त्यातूनच 'काउंटर-स्ट्राइक' या दोन संघांच्या लढाईच्या गेमचे नकाशे आले. सायबर कॅफेत 'डस्ट 2' खेळलेल्यांना त्याचा आकार तोंडपाठ आहे; तो 2001 मध्ये डेव्ह जॉन्स्टनने केला. अशा नकाशात भिंतींइतकंच घड्याळ महत्त्वाचं. हातात सुरी घेऊन पळणारा सेकंदाला 250 युनिट जातो, म्हणजे 2,500 युनिटला 10 सेकंद. दोन्ही बाजू चौकात किती सेकंदांनी भिडणार हे आधी मोजायचं आणि भिंत त्यानुसार मागेपुढे सरकवायची. ती सरकवणं सोपं जावं म्हणूनच आधी नुसते करडे ठोकळे ठेवतात. सजवलेली भिंत हलवायला कुणाचा हात धजत नाही.

युनिटी, गोडो किंवा अनरियल या आजच्या इंजिनांमध्येही सुरुवात याच करड्या ठोकळ्यांनी होते. युनिटी आणि गोडोच्या त्रिमितीत एक युनिट म्हणजे एक मीटर, अनरियलमध्ये एक सेंटिमीटर. घरातलं दार मोजून जसंच्या तसं एक मीटर रुंद ठेवलं तर पात्राच्या मागून चालणारा कॅमेरा चौकटीला धडकतो. दीड ते दोन मीटर रुंद आणि अडीच ते तीन मीटर उंच ठेवावं. एवढं झालं की लेव्हल दुसऱ्या कुणाला तरी खेळायला द्या आणि बाजूला गप्प बसा. तो जिथे थांबून इकडेतिकडे बघतो, ती जागा कागदावर फुली मारून ठेवा.