नकलेत हरवलेला उपहास : पीटर के यांच्या 'पॉप फॅक्टर'ची पार्श्वभूमी

१२ ऑक्टोबर २००८ रोजी ब्रिटनच्या 'चॅनेल फोर' वाहिनीवर विनोदी कलावंत पीटर के यांचा, गुणवत्ता शोधणाऱ्या स्पर्धांची नक्कल करणारा सुमारे दोन तासांचा विशेष कार्यक्रम प्रक्षेपित झाला. 'ब्रिटन्स गॉट द पॉप फॅक्टर' असे सुरू होणारे त्याचे नाव 'सेलिब्रिटी', 'जीझस क्राइस्ट', 'सोपस्टार सुपरस्टार', 'स्ट्रिक्टली' अशी वळणे घेत 'ऑन आइस'पर्यंत पोहोचत होते. त्या काळी गाजत असलेले बहुतेक सगळे स्पर्धात्मक कार्यक्रम त्या एका नावात गुंफलेले होते. इतके नेमके नाव सुचलेल्या माणसाकडून मनोरंजनाच्या धंद्याची तितकीच नेमकी चिरफाड होईल, ही अपेक्षा रास्त होती. ती पूर्ण झाली नाही.

गुणवत्ता शोधणारे कार्यक्रम ब्रिटनला नवे नव्हते. 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' १९५० च्या दशकातच आयटीव्ही या वाहिनीवर दिसू लागला होता आणि त्यात प्रेक्षक टपालाने मते पाठवत असत. १९७३ पासूनच्या 'न्यू फेसेस'ने कठोर बोलणारे परीक्षक आणले. खरा बदल झाला तो न्यूझीलंडमध्ये १९९९ साली सुरू झालेला 'पॉपस्टार्स'चा साचा जानेवारी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये आला तेव्हा. निवडचाचणीतील फजिती, परीक्षकांचे टोमणे, घरच्या दुःखाची कहाणी आणि शेवटी बाजारात येणारे गाणे ही साखळी तिथून पक्की झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस निर्माते सायमन फुलर यांच्या 'पॉप आयडॉल'ने विजेता ठरवण्याचे काम प्रेक्षकांच्या दूरध्वनीवर सोपवले. प्रत्येक मताला पैसे पडत होते, म्हणजे प्रेक्षकाची उत्कंठा हेच उत्पन्न होते. फेब्रुवारी २००२ मध्ये विजयी ठरलेल्या विल यंग यांच्या पहिल्या गाण्याच्या ११ लाखांहून अधिक प्रती एका आठवड्यात खपल्या. हाच साचा २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या रूपाने भारतात आला आणि अभिजीत सावंत यांच्यासाठी महाराष्ट्रातल्या घराघरांतून एसएमएस गेले, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको.

योगायोग असा की, 'पॉपस्टार्स' ज्या महिन्यात ब्रिटनमध्ये आला, त्याच महिन्यात पीटर के यांची 'फिनिक्स नाइट्स' ही मालिका सुरू झाली. उत्तर इंग्लंडमधील कामगार वस्तीतल्या एका क्लबची ती गोष्ट होती. भागाच्या शेवटी, श्रेयनामावली सरकत असताना, क्लबमध्ये काम मागायला आलेल्या हौशी कलाकारांच्या चाचण्या दाखवल्या जात. काही क्षणांच्या त्या तुकड्यांत वेडेपणा होता, पण त्या माणसांविषयी जिव्हाळाही होता. प्रसिद्धीच्या आशेवर जगणारी साधी माणसे के यांना आतून ठाऊक होती, म्हणूनच २००८ च्या कार्यक्रमाकडून इतकी आशा होती.

शिवाय विषय स्वतःहून पुढ्यात आला होता. २००७ मध्ये ब्रिटिश वाहिन्यांवरील सशुल्क दूरध्वनी-मतदानाचे घोटाळे बाहेर आले. आयटीव्हीवरील 'सोपस्टार सुपरस्टार' या गायनस्पर्धेत कोणते गाणे गायले जावे याविषयी प्रेक्षकांनी दिलेली मते निर्मात्यांनी डावलल्याचे उघड झाले. मे २००८ मध्ये 'ऑफकॉम' या नियामक संस्थेने अशा प्रकारांबद्दल आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड ठोठावला. के यांच्या शीर्षकात त्या कार्यक्रमाचे नाव आले खरे, परंतु कथानक जेराल्डीन मॅक्वीन, आर वेन आणि 'टू अप टू डाउन' हा गट या अंतिम फेरीतल्या काल्पनिक स्पर्धकांभोवतीच फिरत राहिले. लिंगबदल केलेल्या जेराल्डीनची भूमिका के यांनीच केली, आणि तिच्या ओळखीवर तसेच चाकाच्या खुर्चीवर बेतलेल्या विनोदांत धंद्यापेक्षा स्पर्धकच हास्यास्पद ठरले. मूळ कार्यक्रमांवरचा जुना आक्षेपही नेमका हाच होता.

माझ्या मते घात केला तो पात्रयोजनेने. सूत्रसंचालक म्हणून कॅट डीली आणि परीक्षक म्हणून पीट वॉटरमन, नील फॉक्स व निकी चॅपमन हे सगळे स्वतःच्याच नावाने वावरले. हे तिघे 'पॉप आयडॉल'चेच परीक्षक होते. त्याचे चौथे परीक्षक, सायमन कॉवेल, तेवढे इथे नव्हते. गायक पॉल मॅकार्टनी आणि रिक अॅस्टली यांनीही हजेरी लावली. ज्यांच्यावर बोट ठेवायचे, तेच हसतमुखाने सहभागी झाल्यावर बोट ठेवणार कोणावर? मंच, प्रकाशयोजना, निकालापूर्वीची ताणलेली शांतता हे सारे इतके हुबेहूब जमले की, मुळातच अतिरंजित असलेल्या कार्यक्रमाचा आणखी एक भाग पाहिल्यासारखे वाटत राहिले. अर्ध्या तासात ही गंमत पुरेशी ठरली असती. दोन तासांत ती विरली.

पुढचा टप्पा तर अधिकच बोलका आहे. गायक-गीतकार गॅरी बारलो यांच्यासह के यांनी रचलेले 'द विनर्स साँग' हे विडंबनगीत खरोखरच विक्रीला आले आणि ब्रिटिश विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. नाताळात जेराल्डीनच्या नावावर आणखी एक गाणे निघाले. दूरचित्रवाणीवरून पात्र घडवायचे आणि लगेच त्याचे गाणे विकायचे, ही ज्या व्यवहाराची थट्टा होती, तोच व्यवहार थट्टेने जसाच्या तसा वापरला. २०११ मध्ये 'द एक्स फॅक्टर' या खऱ्याखुऱ्या गायनस्पर्धेच्या परीक्षकांत कॉवेल यांची जागा घेतली ती याच गॅरी बारलो यांनी.