घाटात फर्स्ट गियर टाकणारं वाफेचं इंजिन

‘शे’ नावाच्या वाफेच्या रेल्वे इंजिनाचा फोटो समोरून बघितला की आधी वाटतं काहीतरी गडबड आहे, बॉयलर मधोमध नाहीच, एका कडेला सरकलाय. पण ते मुद्दाम केलंय. दुसऱ्या कडेला उभे सिलिंडर आहेत, त्यांचं वजन तोलायला. मला हे इंजिन आवडतं ते इथपासूनच.

इफ्रेम शे हा अमेरिकेत मिशिगनमधला लाकूडतोडीच्या धंद्यातला माणूस. तेव्हा ओंडके हिवाळ्यात बर्फावरून ओढून न्यायचे, बर्फ वितळला की काम ठप्प. म्हणून १८७५ मध्ये त्याने स्वतःची छोटी ट्राम लाइन टाकली, मग दोन वर्षांनी सपाट वॅगनवरच बॉयलर आणि इंजिन बसवायचं डोक्यात घेतलं, चेन लावून बघितली, नाही जमलं, पट्टा लावून बघितला, असं करत करत १८८१ मध्ये पेटंट मिळालं. इंजिनं बनवली ओहायोतल्या लिमा कंपनीने.

आता गंमत गियरची. नेहमीच्या वाफेच्या इंजिनात पिस्टनचा जोर दांड्यांनी थेट चाकाला मिळतो, पिस्टन एकदा पुढेमागे झाला की चाकाचा एक फेरा. पक्क्या रुळावर हे झकास, पण जंगलातले रूळ तात्पुरते, वाकडेतिकडे, चढ उभे, तिथे चाकं जागच्या जागी फिरतात नाहीतर लांब ताठ इंजिन वळणावर रूळ सोडतं. शेमध्ये सिलिंडर एक लांब शाफ्ट फिरवतात, तो कडेकडेने जातो, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, अगदी ट्रकखाली असतात तसे, त्यामुळे चाकांच्या बोग्या (म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटी) हव्या तशा वळतात. गियरमुळे शाफ्टचे दोनाहून जास्त फेरे झाले की चाकाचा एक, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. शिवाय टेंडरखालची (टेंडर म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा) चाकंसुद्धा ओढतात, नुसतं वाहून न्यायचं वजन काहीच नाही!

नंतर क्लायमॅक्स आणि हायस्लर अशी अजून दोन गियरवाली इंजिनं आली, हायस्लरचे सिलिंडर इंग्रजी व्ही सारखे. पण खपलं शेच जास्त, पार तैवानच्या अलिशान नावाच्या डोंगराळ भागापर्यंत गेलं.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात कॅस नावाच्या गावी ही इंजिनं अजून चालतात, तिथे काही ठिकाणी चढ ९ फुटांना १ फूट आहे, आपल्या बोरघाटात ३७ ला १ असून मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. १९४५ चं शेवटचं, १६२ टनी शेसुद्धा तिथेच आहे. व्हिडिओ बघाल तर आवाज नक्की ऐका, छुकछुक इतकी भरभर चाललेली असते की वाटतं एक्सप्रेस आली, आणि गाडी असते ताशी १५-२० किलोमीटरवर.