घरच्या सुतारकामासाठी हत्यारं घेताना

पहिलं काम कोणतं करणार ते ठरवून दुकानात या, हत्यारांची यादी त्या कामावरूनच निघते. बुटांचं कपाट किंवा पुस्तकांची मांडणी प्लायमध्ये करायची असेल तर ड्रिल, खरा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), क्लॅम्प आणि प्लाय सरळ कापून मिळण्याची सोय एवढ्यावर भागतं. सागवानी पाट, चौरंग किंवा देव्हारा करायचा असेल तर रंधा, पटाश्या, बारीक दातांची करवत आणि या सगळ्यांना धार लावायची सोय लागते. दोन्ही याद्यांत समान असं फार थोडं आहे.

शंभर नगांची पेटी सुतारकामासाठी मागू नका. तिच्यात सॉकेट, पाने आणि स्क्रूड्रायव्हरची टोकं भरलेली असतात, म्हणजे ती गाडीच्या कामाची झाली. सोबतची करवत खेळण्यातली असते. पेटी आमच्याकडे मिळते, पण सुतारकाम शिकणाऱ्याला आम्ही ती सुचवत नाही.

प्लाय घरी फाडू नका

१९ मिमी जाडीचा ८ × ४ फुटी प्लाय ३५ किलोच्या आसपास भरतो. फ्लॅटमध्ये तो एकट्याने उभा करणंसुद्धा जड जातं, मग सरळ कापणं दूरच. जिथून प्लाय घ्याल तिथेच पॅनेल सॉवर (अख्खा प्लाय सरळ कापणाऱ्या यंत्रावर) कापून मागा आणि मापांचा कागद सोबत न्या. पातं स्वतः साधारण १ सूत (इंचाचा आठवा भाग), म्हणजे ३ मिमीच्या वर लाकूड खातं. त्यामुळे ४८ इंच रुंदीतून १२ इंचांच्या चार पट्ट्या निघत नाहीत. तीन कापांत ३ सूत गेले की चौथी पट्टी ११ इंच ५ सुतांची उरते. कपाटाची खोली १२ इंच न धरता ११ इंच ६ सूत धरली तर चारही पट्ट्या सारख्या मिळतात.

या एका सोयीमुळे टेबल सॉचा खर्च पुढे ढकलता येतो. पहिल्या वर्षी तो घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मापाची हत्यारं

टेप इंच आणि मिमी दोन्ही खुणांची घ्या. सुतार सुतात बोलतो, प्लाय मिमीत मिळतो आणि बिजागऱ्या इंचांत. टेपच्या टोकाचा आकडा किंचित हलतो म्हणून ती बदलून मागितली जाते. तो दोष नाही. आकडा स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो, म्हणजे फळीच्या कडेला अडकवून मोजा की भिंतीला टेकवून, माप एकच येतं. रिव्हेट ठोकून तो घट्ट केलात तर एका बाजूचं माप कायमचं चुकेल.

गुण्या दुकानातच तपासून घ्या, आम्हाला राग येत नाही. प्लायच्या सरळ कडेला गुण्या टेकवून बारीक पेन्सिलीने रेघ मारा. मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दिसणारं अंतर गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असतं. २०० मिमीवर अर्धा मिमी फाकलेला गुण्या बांधकामावर चालून जाईल, खणाच्या चौकटीला चालणार नाही.

पटाश्या आणि धार

सहाचा संच घेण्याऐवजी ६, १२, १८ आणि २५ मिमी अशा चार पटाश्या घ्या. निम्मं काम १२ मिमीचीच करते. घेताना पाठ, म्हणजे सपाट बाजू, बघा. पोलादी पट्टी पाठीवर उभी धरून उजेडाकडे पाहा. मधून थोडा उजेड दिसला तर हरकत नाही, कारण घासून दोन्ही टोकं खाली येतात. पट्टी मधल्या उंचवट्यावर डुगडुगली तर दुसरी पटाशी काढायला सांगा. फुगीर पाठ सपाट करताना हात मोडतात.

कारखान्यातून आलेली पटाशी सहसा कामाला तयार नसते. अंदाजे २५ अंशांचा उतार दिलेला असतो, धार मात्र तुम्ही काढायची असते. म्हणून पहिल्या खरेदीतला मोठा वाटा धार लावण्याच्या सामानाला द्या. महागडी पटाशी बोथट असेल तर तिच्यापेक्षा स्वस्त धारदार पटाशी कधीही बरी.

कमी खर्चाची सोय अशी: ८ ते १० मिमी जाड काच, तिच्यावर पाणी लावून चिकटवलेले वॉटर पेपर २२०, ४००, १००० आणि २००० नंबरचे, आणि पटाशी दोन्ही बाजूंनी धरणारा चाकाचा होनिंग गाइड. आधी पाठ घ्या. टोकाकडचा २५ मिमी भाग २२० पासून सुरू करून २००० पर्यंत आरशासारखा करा. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच करावं लागतं. मग पटाशी गाइडमध्ये अशी बसवा की धार गाइडच्या पुढच्या तोंडापासून ३० मिमी बाहेर राहील. नेहमीच्या गाइडमध्ये त्याने ३० अंश मिळतात, ४० मिमी ठेवलं तर २५ अंश. रंध्याचं पातं गाइडच्या वरच्या खाचेत बसतं, त्याचे आकडे वेगळे आहेत: ३८ मिमीला ३० अंश, ५० मिमीला २५ अंश. ही मापं फळकुटावर छोटे ठोकळे ठोकून कायमची करून ठेवा, दरवेळी मोजत बसावं लागणार नाही.

प्रत्येक कागदावर मागे ओढत घासा. पाठीवरून बोट बाहेरच्या दिशेने फिरवलं की धातूची बारीक खरखरीत किनार लागते. ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाणवली तरच पुढचा कागद घ्या. धार न लागण्याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं: किनार येण्याआधीच बारीक कागदावर उडी मारलेली असते. शेवटी पाठ २००० वर सपाट टेकवून किनार काढून टाका. परीक्षा पाइनच्या तुकड्यावर घ्या, तीही त्याच्या कापलेल्या टोकावर. बोथट पटाशी तिथे लाकूड चुरडते, धारदार पटाशी गुळगुळीत चकती काढते.

बेंच ग्राइंडरवर धार लावायची घाई नको. धारेजवळ पोलाद निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला, त्यानंतर कितीही घासा, धार टिकत नाही. खांडोळी झालेली धार ग्राइंडरवर घ्यावीच लागली तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे पाइनच्या मानाने सागवानावर धार लवकर जाते. देव्हाऱ्याच्या कामात मधे थांबून धार लावावी लागली तर पटाशी खराब निघाली असं समजू नका.

रंधा

एकच घ्यायचा असेल तर लोखंडी ५ नंबर घ्या: लांबी १४ इंच, पातं २ इंच. फळी सरळ करायला तो पुरतो आणि पाट गुळगुळीत करायलाही चालतो. ४ नंबर आटोपशीर असतो, पण आखूड असल्यामुळे फळीच्या चढउतारांवरून तसाच वरखाली जातो.

रंध्याचा तळ म्हणजे अर्धी किंमत. पोलादी पट्टी तळावर लांबीत धरा. पुढचं टोक, तोंडाच्या (पातं बाहेर येतं त्या फटीच्या) लगेच पुढची कड आणि मागचं टोक या तीन जागा एका रेषेत हव्यात. मधे कुठे पोकळी असली तर चालते. तोंडापाशीच पोकळी असेल तर मात्र पातळ सालपट निघणार नाही आणि रंधा उड्या मारेल. किंचित फरक काचेवरच्या १२० नंबरच्या कागदावर निघतो. तळावर मार्करने रेघा मारा, पातं आत ओढून पण जागेवर घट्ट ठेवून घासा, आणि रेघा कुठे पुसल्या ते बघत राहा. पातं काढून घासल्यास ओतीवावरचा ताण बदलतो आणि घासलेला तळ पातं बसवल्यावर पुन्हा वेगळा होतो.

नंतर पात्यावरची टोपी, म्हणजे पात्याला जोडलेली लोखंडी पट्टी, बघा. पातं आणि टोपी एकत्र धरून उजेडाकडे करा. सांध्यातून उजेड आला तर सालपट त्या फटीत शिरणार आणि तोंड दर दोन फुटांवर तुंबणार. टोपीची कड दगडावर घासून फट घालवा. टोपी धारेपासून साधारण १ मिमी मागे ठेवा, उलटसुलट रेषांच्या लाकडाला अर्ध्या मिमीहून कमी. खोली बदलायचं पितळी चाक अर्धा-एक वेढा रिकामं फिरतं, त्याची काळजी नको.

लाकूड उपटत असेल तर आधी फळी फिरवून उलट दिशेने रंधा मारून पाहा. तरीही उपटलं तर धार गेली आहे किंवा पातं फार बाहेर आहे.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जुने रंधे मिळतात आणि त्यांतले काही उत्तम असतात. गंज घासून निघतो. तोंडाजवळची चीर, तुटलेला फ्रॉग (पातं ज्याच्यावर टेकतं तो भाग) किंवा पात्याच्या पाठीवरचे खोल खड्डे दिसले तर तिथेच ठेवा.

करवत

लाकडाला २२ इंची, इंचाला ८ ते १० दातांची एक आणि कुसू (सांध्याची जीभ) कापायला पाठीवर पट्टी असलेली १२ ते १४ दातांची एक. दातांची टोकं काळी-निळी असतील तर ते दात कडक केलेले असतात. ते टिकतात, पण कानशीने त्यांना धार लागत नाही. बोथट झाली की करवत बदलायची. कानशीने धार लावायला शिकायचं असेल तर साध्या दातांची मागा.

क्लॅम्प

इथे ग्राहक हात आखडता घेतात आणि सांधे उघडतात. चौकट चिकटवायला २४ इंची एफ क्लॅम्प एका वेळी चार लागतात, शिवाय ४ इंची सी क्लॅम्प दोन. एफ क्लॅम्प दोन फळ्यांवर आवळून बघा. दांडा धनुष्यासारखा वाकला किंवा सरकतं तोंड घसरलं तर तो कामाचा नाही. सांध्यातून फेव्हिकॉल मण्यांसारखा बाहेर आला की आवळणं थांबवा. त्याहून जास्त आवळलं तर सगळा गोंद बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. रात्रभर तसाच ठेवा.

बॅटरीचं ड्रिल

१८ व्होल्ट आणि २१ व्होल्ट ही दोन वेगळी यंत्रं नसतात. दोन्हींच्या बॅटरीत ५ सेल असतात. एका सेलचे ३.६ धरले तर १८ होतात, पूर्ण चार्ज झालेल्याचे ४.२ धरले तर २१. स्वस्त पेट्यांवर '४८' किंवा '८८' छापलेलं असतं, तो व्होल्टेजचा आकडा नव्हे. व्होल्टऐवजी बॅटरी किती अँपिअर-अवरची, टॉर्क किती न्यूटन-मीटर आणि सुटी बॅटरी मिळते का, हे विचारा. सागवानात ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिमी भोक पाडा, नाहीतर फळीच्या टोकाशी चीर जाते.

कापणारी यंत्रं

४ इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम करण्याची पद्धत सगळीकडे आहे. करायचंच असेल तर पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवा आणि गार्ड जागेवर हवा. अँगल ग्राइंडरला दातांचं पातं लावायला मात्र आम्ही देत नाही. त्याला टेकायला तळपट्टी नसते, पातं लाकडात अडकलं की यंत्र माणसाच्या अंगावर येतं.

७ इंची सर्क्युलर सॉ घेतलात तर पातं फळीच्या खाली ५ मिमीच बाहेर ठेवा. त्याचे दात खालून वर येतात, म्हणून प्लायचे कपचे वरच्या बाजूला उडतात. दर्शनी बाजू खाली ठेवून कापा. हातकरवतीला याच्या उलट, दर्शनी बाजू वर. जिगसॉचे दातही वर ओढतात. सनमायका लावलेला प्लाय कापायचा असेल तर त्यासाठी उलट्या दातांची टी १०१ बीआर पाती मागा.

ट्रिमर (कडा तासायचं यंत्र) घेताना कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारा भाग, ६ मिमीचं आहे की ६.३५ मिमीचं ते लिहून घ्या. ६.३५ च्या कॉलेटमध्ये ६ मिमी दांड्याचा बिट आवळल्यासारखा वाटतो आणि चालू केल्यावर सरकतो. दांडा तळाला टेकवून मग ३ मिमी वर ओढून आवळा. फळीच्या बाहेरच्या कडेने यंत्र डावीकडून उजवीकडे न्या.

वीज आणि भुसा

१४०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर साधारण ६ अँपिअर घेतं आणि सुरू होताना त्याहून बरंच जास्त. ते १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेंशन तांब्याच्या तारेचं, किमान १.५ चौरस मिमीचं असावं आणि पूर्ण उलगडावं. रिळावर गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. सागवानासारख्या कडक लाकडाचा बारीक भुसा हा कर्करोगाला कारण ठरणारा पदार्थ म्हणून मान्य झालेला आहे, त्यामुळे सँडर चालवताना एन ९५ मास्क लावा. तोंडाला बांधलेला रुमाल तो भुसा अडवत नाही.

पावसाळ्याआधी

मे महिन्याच्या शेवटी सगळ्या लोखंडी हत्यारांवर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. चामड्याच्या म्यानात पटाश्या ठेवू नका, चामडं ओल धरतं. सागवानाची ३०० मिमी रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-तीन मिमी फुगू शकते. मे महिन्यात घट्ट बसवलेला खण जुलैत उघडत नाही तो यामुळे.

बिल आणि बदली

यंत्राच्या बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीची नोंदणी कंपनीच्या साइटवर मुदतीत करा, काही कंपन्यांची मुदत त्याशिवाय वाढत नाही. कार्बन ब्रश हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही. यंत्रासोबतच एक जोडी घेऊन ठेवा. गुण्या आणि रंधा आठ दिवसांत बदलून मिळेल. तळ घासलेला रंधा आणि धार लावलेली पटाशी परत घेतली जात नाही, म्हणून तपासणी घासण्याच्या आधी करा. भाव सतत बदलतात म्हणून इथे छापलेले नाहीत, काउंटरवर विचारा.