शेततळं गळतंय का आटतंय? बादलीला विचारा

एप्रिल-मे आला की आमच्या जालन्याकडं शेततळ्यावर एकच वाद, पाणी उन्हानं आटतंय का तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटलाय. मागच्या उन्हाळ्यात मामाच्या मोसंबीच्या तळ्यातलं पाणी रोज बोटभर उतरायला लागलं तर कुणीतरी नारळवाल्याला बोलावलं, तो तळहातावर नारळ धरून बांधावरून फिरला, एका कोपऱ्यात नारळ उभा राहिला आणि सगळे म्हणले इथंच भोक. नारळ हलतो तो हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीनं, त्याला पाणी कळत नाही. भोक तिथं नव्हतंच.

मी म्हणलं बादली आणा. बादलीत दगड टाकायचे म्हणजे तरंगणार नाही, आणि ती तळ्यातच अशी टांगायची की बरीचशी बुडलेली राहील. आत तळ्याचंच पाणी, बाहेरच्या पातळीला बरोबर. मार्करनं आत एक रेघ, बाहेर एक रेघ, 24 तास मोटर बंद. बादली बांधावर ठेवून चालत नाही, तिथं ती वेगळी तापते. तळ्यात बुडाली की दोन्हीकडचं पाणी जवळपास सारखंच गरम, वारा तोच, हवा तीच, म्हणून वाफही सारखीच. जास्तीचं जे उतरलं ती गळती.

मामाच्या बादलीत 11 मिलिमीटर उतरलं, तळ्यात 19. फरक 8. ऐकायला काहीच नाही, पण 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात एक मिलिमीटर म्हणजे 900 लिटर, म्हणजे दिवसाला 7,200 लिटर जमिनीत!

एवढं पाणी जायला भोक केवढं लागतं? इथं मला हे गणित फार आवडतं. भोकातून पाण्याचा वेग म्हणजे 2 गुणिले 9.8 गुणिले खोली, याचं वर्गमूळ. 3 मीटर खोलीवर सेकंदाला 7.7 मीटर. धार भोकातून निघताना आकसते म्हणून 0.6 नं गुणायचं, तर 5 मिलिमीटरच्या भोकातून दिवसाला साडेसात हजार लिटरच्या वर जातं, अर्थात खालची जमीन मोकळी असेल तर, दाबलेली चिकणमाती असली तर लई कमी. आणि वर्गमूळ असल्यामुळं खोली चौथाई झाली तरी गळती निम्मीच होते.

म्हणून भोक सापडवायचं तर बादली पुन्हा पुन्हा लावायची. बागेला पाणी देता देता पातळी उतरत होती, आम्ही दर चार-पाच दिवसांनी बघायचो, आणि एकदा फरक शून्य! म्हणजे भोक पाण्याच्या काठाच्या जरा वर उघडं पडलंय. हात फिरवला तर पाइप घासून पेन्सिलीएवढं भोक, भोवती ओली माती. पाण्याखाली संशय असेल तर तिथं खाण्याचा रंग हळूच सोडा, भोक असलं तर रंगाची दोरी आत ओढली जाते.

जोडताना मात्र जपून. स्विमिंग पूलचं व्हिनाइल प्लास्टिकचं अस्तर सोल्युशननं विरघळून एकजीव होतं, पाण्याखालीसुद्धा ठिगळ बसतं, पण तसला पॅच शेततळ्याला घेऊ नका. आपला कागद पॉलिथिनचा, त्याला सायकलचं सोल्युशन धरतच नाही, गोंदाला पकडायला काही मिळत नाही. तिथं गरम हवेनं कागद वितळवून जोडणारी हॉट एअर गनच लागते, तीही जागा कोरडी करून, पुसून, जरा खरवडून. आणि ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा तिथूनच उचकटतो.